पद्मिनीचे घोडे मोजताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बॉनेट लावलं, हात पुसले आणि म्हणाले, "आता सत्तर घोडं झालं बघा." बाबांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी पहिल्याच सेल्फला सुरू झाली होती, आवाजही भरदार लागला होता. मला आनंद झाला, पण सत्तरचा आकडा मनातून जाईना. मूळ इटालियन फियाट ११००चं हे १०८९ सीसीचं इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायचं तेव्हा ४८०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) सुमारे ४० बीएचपी, म्हणजे ४० घोड्यांची ताकद द्यायचं. एका ओव्हरहॉलमध्ये त्याचे सत्तर कसे होतील? मिस्त्रींच्या हाताबद्दल शंका नव्हती, त्यांचं काम देखणं होतं. मला फक्त खरा आकडा हवा होता.

आधी कागद घेतला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८चा ६९ मिमी झाला होता; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५ मिमी तसाच. म्हणजे क्षमता ११२२ सीसी, वाढ फक्त ३ टक्के. बोअर केला की ताकद खूप वाढते असं बरेच जण समजतात, म्हणून हा ३चा आकडा मुद्दाम सांगतो. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, फेस मारला होता, थोडं घासून सपाट केलं होतं. त्यातल्या चेंबरवर (मिश्रण जळायच्या पोकळीवर) जाड पारदर्शक पट्टी ठेवून सिरिंजने पातळ तेल भरलं, त्यात गॅस्केटची जाडी मिळवली. दर सिलिंडरला ३८ सीसी जागा उरली, म्हणजे कॉम्प्रेशन, मिश्रण किती पट दाबलं जातं ते, साधारण ८.४. पूर्वीच्या मानाने यातून आणखी तीन-चार टक्के मिळावेत. शिवाय एका बॅरलच्या जागी दोन बॅरलचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बसला होता. व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट मात्र जुनाच. कॅम तोच असेल तर इंजिन वरच्या आरपीएमला फारसा जास्त श्वास घेत नाही, आणि घोडे तर वरच्या आरपीएमलाच मिळतात. सगळं धरून माझा कागद ४५च्या पुढे जायला तयार नव्हता.

पण कागद म्हणजे गाडी नव्हे. म्हणून रस्त्यावर मोजायचं ठरवलं.

त्यासाठी पहिल्यांदा वजन हवं. साखर कारखान्याजवळच्या काट्यावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगेत उभं राहून पद्मिनी चढवली. मी, मित्र आणि अर्धी टाकी पेट्रोल मिळून १०५० किलो. काटा दहा-दहा किलोंनी मोजतो, तेवढी चूक एक टक्क्याच्या आतच राहते.

पहिला रविवार वाया गेला. मी गाडीच्या मीटरवर आणि मित्राच्या स्टॉपवॉचवर विसंबलो होतो. काटा थरथरत होता, आणि पाच वेळा मोजलं तर पाच वेगळे आकडे आले. पुढच्या रविवारी सेकंदाला दहा नोंदी घेणारं छोटं जीपीएस यंत्र आणलं. तेव्हा कळलं की आमचा मीटर सत्तरला सात किलोमीटर जास्त दाखवतो. त्या मीटरवर काढलेला कुठलाही आकडा फुगलेलाच निघाला असता.

पहाटे औद्योगिक वसाहतीतला सरळ, रिकामा रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ६५ ते ७५ किमी. हे इंजिन तिसऱ्यात साधारण याच वेगाला आपली कमाल ताकद देतं, म्हणून हा टप्पा निवडला. नंतर गाडी न्यूट्रलला सोडायची आणि ७५वरून ६५वर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. माझ्या मते या पद्धतीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात. इंजिनाची बरीच ताकद वारा कापण्यात आणि टायरचा विरोध मोडण्यात जाते. ती मोजलीच नाही तर इंजिनावर अन्याय होतो. चढ-उतार आणि वारा यांचा फरक पडू नये म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी केली.

सरासरी आली ती अशी: वेग वाढायला २.८ सेकंद, घटायला ८.४. दहा किमीचा फरक म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. त्यावरून प्रवेग ०.९९, विरोध ०.३३, बेरीज १.३२. याला १०५०ने गुणलं की जवळपास १३९० न्यूटन, आणि सत्तरच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १९.४ मीटरने गुणलं की २७ किलोवॉट, म्हणजे ३६ बीएचपी. चाकं, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) वगैरे फिरवायलाही ताकद लागते. त्यासाठी पाच टक्के धरले. चाकाशी ३८ झाले.

इंजिनापासून चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) किती जातं? सर्रास १५ टक्के धरतात. पण न्यूट्रलच्या चाचणीत डिफरन्शियलचा विरोध आधीच मोजला गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा मिळवणं मला पटलं नाही. म्हणून १० ते १५ टक्के धरले. फ्लायव्हीलवर, म्हणजे खुद्द इंजिनापाशी, ४२ ते ४५. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथली हवा सहा-सात टक्के विरळ. समुद्रसपाटीचा हिशोब लावला तर ४५ ते ४८. कंपनीच्या ४०शी तुलना करायची तर याच आकड्याने करायला हवी.

मिस्त्रींना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "ते न्यूट्रलचं पुन्हा सांगा की." अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत बसलो.

पुढे पुण्याला गेलो तेव्हा डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवली. रोलरवर चाकाशी ३७ आले, माझ्या ३८च्या अगदी शेजारी. पण त्यापेक्षा मोलाचं काही तिथे दिसलं: ४००० आरपीएमच्या वर मिश्रण विरळ पडत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, आणि आमचा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) जुन्या पेट्रोलच्या मापाचा. विरळ मिश्रणावर जोर लावत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो, ही खरी काळजी.

मिस्त्रींनी मेन जेट एक माप मोठा घातला. गेल्या रविवारी पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. यावेळी मागच्या सीटवर बाबा होते. सगळ्या फेऱ्या झाल्या, मग त्यांना उतरवून पूर्वीच्याच वजनावर पुन्हा मोजलं. २.८चे २.६ सेकंद झाले होते. चाकाशी दोन घोडे जास्त.