२२०० केव्ही, ३एस आणि पिनियनचे दात : उन्हाळ्यातली नोंद

मागच्या नोंदीपर्यंत माझा रिमोटवरचा १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक (ऑफ-रोड शर्यतीच्या ट्रकचं छोटं मॉडेल) ३३०० केव्ही मोटर (केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे) आणि २एस लायपोवर (दोन लिथियम-पॉलिमर सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी) पळत होता. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, स्पर (मोटरने फिरणारं मोठं दातेरी चाक) ५४ दातांचा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) १३ दातांचा, गिअरबॉक्समधला आतला रेशो २.८५. म्हणजे फायनल ड्राइव्ह, चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे, ११.८४. टायर ११० मिमीचे. कागदावर वेग ४२.८ किमी येतो, प्रत्यक्षात थोडा कमीच मिळतो. नाशिकच्या मखमलाबादला मावसभावाच्या द्राक्षमळ्याकडे जाणारा मुरमाचा रस्ता आहे, शेजारी गवताचा एक पट्टा आहे. सगळ्या चाचण्या तिथेच झाल्या. त्या मुरमावर हा सेटअप झकास होता.

मग ३एस, म्हणजे तीन सेलची बॅटरी, लावायचा मोह झाला. मोटर तीच, पिनियन तोच, फक्त बॅटरी ११.१ व्होल्टची. गाडीने जी झेप घेतली ती पाहून आम्ही दोघंही ओरडलो. चार मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरवर धरला तर ९४ अंश. हवेचं तापमान ३१. मी ८० च्या वर मोटर जाऊ देत नाही, कारण सतत तापली की चुंबक कमजोर होतात आणि गेलेला जोर थंड झाल्यावर परत येत नाही.

मावसभावाने विचारलं, "दादा, नुसती बॅटरी बदलली तर मोटर एवढी का तापली?" प्रश्न बरोबर होता. व्होल्टेज दीडपट झालं की वेगही जवळजवळ दीडपट होतो, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दीडचा घन म्हणजे ३.३७५. त्यात भर म्हणजे प्रत्येक वळणानंतर गाडीला त्या मोठ्या वेगापर्यंत पुन्हा पुन्हा ओढायचं. हा सगळा भार मोटरवर येतो. म्हणून सेल वाढवला की पिनियनचे दात कमी करायचेच. ११ चा पिनियन लावला, रेशो १३.९९ झाला, कागदावरचा वेग ५४ किमी. मोटर ७९ वर थांबली. चालेल, पण उन्हात काठावरचंच.

तेव्हा ठरवलं की मोटरच बदलायची. २२०० केव्हीची, व्यासाला तेवढीच पण लांब. गंमत पाहा, ३३०० ला ७.४ ने गुणा किंवा २२०० ला ११.१ ने गुणा, उत्तर एकच : २४,४२० आरपीएम. तेवढ्याच ताकदीसाठी ३एसवर करंट दोन तृतीयांशच लागतो. वायर, प्लग आणि ईएससीमधली (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे ती निम्म्याहून कमी होते. एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो : केव्ही कमी केला की मोटरही आपोआप थंड राहते. तसं नाही. कमी केव्हीच्या मोटरमध्ये वेढे जास्त आणि तार बारीक असते, त्यामुळे आकार तोच असेल तर तेवढ्याच टॉर्कला आतली उष्णता साधारण तेवढीच राहते. माझी मोटर थंड राहते ती तिच्यात तांबं जास्त आहे आणि अंगही मोठं आहे म्हणून.

नव्या मोटरचा शाफ्ट ५ मिमी, माझे पिनियन ३.१७ च्या बोअरचे (मधलं भोक). ५ मिमी बोअरचा १३ चा नवा मिळाला, १५ चा मिळेना. म्हणून माझा १५ चा घेऊन बोअर मोठा करायला अंबडला एका लेथवर गेलो. पहिल्यांदा बोअर झाला तो मला ताब्यात घेण्याआधीच तपासायला हवा होता. मेश लावताना, म्हणजे दोन्ही चाकांचे दात एकमेकांत बसवताना, मी नेहमी वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्परच्या मध्ये घालतो, मोटर दाबून स्क्रू आवळतो आणि पट्टी फिरवून बाहेर काढतो. पट्टीवर दातांच्या घड्या नीट उमटल्या आणि ती फाटली नाही की काम झालं. या वेळी पट्टी एका जागी फाटायची आणि अर्धा फेरा फिरवला की सैल निघायची. बोअर मध्यावर नव्हता. अशा पिनियनने एकाच दुपारी स्परचे दात खाल्ले असते. दुसऱ्या लेथवाल्या काकांनी आधी डायल (बारीक फरकही दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) लावून दाखवला, काटा चांगलाच हलत होता. "पोरा, हे हार्ड केलेलं आहे, कार्बाइडचं टूल लावूनच घ्यावं लागेल," म्हणाले. दुसरा पिनियन दिला, त्यांनी आधी मऊ जॉ (लेथवर वस्तू पकडणारे जबडे) स्वतः घासून घेतले आणि मगच तो पकडला. आता पट्टी सगळीकडे सारखी निघते. त्या कामाला खरोखर मानलं.

आकडे असे आले. नवी मोटर, ३एस, १३ चा पिनियन, मुरमावर ६१ अंश. १५ चा लावला, रेशो १०.२६, कागदावर ४९ किमी, तापमान ६९. त्याच १५ वर गवतात गेलो तर ८२, कारण गवत सतत चाकांना धरतं. म्हणून गवताला १३, मुरमाला १५, हे पक्कं. आणि मी आता नुसतं तापमान लिहीत नाही, हवेपेक्षा किती चढलं ते लिहितो. सकाळी आठला आणि दुपारी चारला गाडी तीच असते, पण आकडा तेरा-चौदा अंशांनी फिरतो, तो फरक बहुतेक उन्हाचा असतो.

बॅटरीबद्दल थोडं. ५००० एमएएचवर १००सी (क्षमतेच्या शंभरपट करंट) छापलेलं असलं तर हिशोबाने ५०० अँपिअर होतात. या गाडीच्या प्लगमधून एवढा करंट जाणं शक्य नाही, म्हणून तो आकडा मी बघत नाही. चार्जरवर सेलचा आतला रोध बघतो. माझ्या नव्या पॅकचा सेलमागे ३ मिलिओहम येतो, तीन वर्षं वापरलेल्याचा ९. तीन सेलमध्ये ८० अँपिअरला नवा पॅक पाऊण व्होल्टपर्यंत पडतो, जुना दोन व्होल्टच्या पुढे. गाडी मरगळली तर आधी पॅक मोजा, मग गिअरिंगला हात लावा. आणि उन्हाळ्यात पॅक पूर्ण भरून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. माझा एक पॅक मे महिन्यात असाच फुगून गेला.

पावसानंतर तिथली काळी माती चाकांना चिकटेल तेव्हा १३ सुद्धा जड पडेल असं वाटतं. १२ चा ५ मिमी बोअरचा पिनियन काकांकडे आधीच देऊन ठेवला आहे.