पंख्यांचे दिवे सिंक होत नव्हते, आणि दोष बोर्डाचा नव्हता: माझा अनुभव

कॉम्प्युटरच्या पंख्यांचे दिवे सिंक होत नाहीत, म्हणजे एकत्र एकाच रंगात चालत नाहीत, म्हणून कोणी मदरबोर्ड बदलायला सांगितला, तर आधी त्याला कॅबिनेटचं मागचं झाकण उघडायला लावा. मी हे अजूनही चिडूनच लिहितेय, कारण माझा धडधाकट बोर्ड दुकानात न उघडताच बाद ठरवला गेला होता.

व्हिडिओ एडिटिंगसाठी इंदूरला आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून मशीन जुळवून घेतलं. भाग निवडणं, बिल, विंडोज टाकणं यांत काहीच अडचण आली नाही. पुढचे तीन पंखे कॅबिनेटबरोबरच आलेले होते, मागचा एक वेगळा घेतला होता. घरी, रामबागेत, मशीन सुरू केलं तर मागचा पंखा सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या रंगावर स्थिर, आणि पुढचे तिन्ही सतत रंग बदलत फिरणारे. हौसेचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण कलर ग्रेडिंग, म्हणजे व्हिडिओचे रंग ठीक करताना बाजूला असे रंग फिरत असतील, तर पडद्यावरचा माणसाचा चेहरा पिवळट आहे की ठीक आहे, याचा अंदाजच लागत नाही. मला चारही पंख्यांवर एकच मंद पांढरा उजेड हवा होता.

दुकानात फोन केला. "मॅडम, रिमोट दिया है ना, उससे चलाइए." रिमोटने फक्त पुढचे तीन बदलत होते, मागचा नाही. मग कॅबिनेट रिक्षात घालून नेलं. काउंटरवरच्या मुलाने काचेतून पाहिलं आणि निकाल दिला: "बोर्ड का दूसरा हेडर गया है, बोर्ड बदलवाना पड़ेगा." हेडर म्हणजे बोर्डावरच्या पिना, ज्यांवर दिव्यांची वायर लागते. वॉरंटीत पाठवला तर कधी परत येईल, यावर "देखते हैं". स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही. मी झाकण उघडायला सांगितलं, तर म्हणे आज गर्दी आहे, ठेवून जा. कामं अंगावर असताना मशीन ठेवून कुठे जाणार? परत आणलं.

हेडर गेलाय की नाही, हे घरी काही मिनिटांत कळतं. मागचा पंखा पहिल्या हेडरवर नीट चालत होता. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करून त्याचीच दिव्यांची वायर काढून मी दुसऱ्या हेडरवर लावली आणि मशीन सुरू केलं. तिथेही तो सॉफ्टवेअरचं ऐकत होता. म्हणजे बोर्ड शाबूत.

इथे एक सांभाळा. बोर्डावर दिव्यांचे दोन प्रकारचे हेडर असतात: एक १२ व्होल्टचा, ४ पिनांचा, आणि दुसरा ५ व्होल्टचा, ज्यात चारांपैकी एक पिन मुद्दाम गाळलेली असते. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर गेले की जळतात. जोर लावून काहीही बसवू नका. आणि पंखा घेतानाच दुकानात त्याचा प्लग हातात घेऊन पिना मोजा, खोक्यावर नुसतं 'आरजीबी' लिहिलंय त्यावर जाऊ नका.

मग मागचं झाकण उघडलं. आईने मोबाइलचा टॉर्च धरला. पुढच्या तिन्ही पंख्यांच्या वायरी एका छोट्या हबमध्ये, म्हणजे वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीत, गेल्या होत्या, हबला सॅटाची पॉवर (पॉवर सप्लायमधून थेट येणारी वायर) होती, म्हणूनच दिवे लागत होते. वायरींचा जुडगा झिप टायने आवळलेला. तो कापला आणि आतून एक चपटा प्लग बाहेर आला, तीन भोकांचा, टोकावर प्लास्टिकची टोपी तशीच. हबकडून बोर्डाकडे जायची हीच ती वायर. ती कोणी कधी लावलीच नव्हती! बोर्डाचा संदेश हबपर्यंत पोचायला दुसरा रस्ताच नाही. आई म्हणाली, "अगं, एवढं त्यांना दिसलं नाही?" दिसेल कसं, उघडलं तर ना.

टोपी काढली, प्लगवरची बाणाची खूण बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या पिनेशी जुळवली, लावला. तरी पुढचे पंखे आपल्याच नादात. इथे पुष्कळ जण हात टेकतात. अशा बऱ्याच हबना स्वतःचे पॅटर्न सोडून बोर्डाचं ऐकायला सांगावं लागतं. माझ्या हबचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि तिन्ही पंखे मागच्या पंख्याच्या रंगावर आले. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

काच काढण्याआधीच सांगायला हवं होतं: बाजूची टेम्पर्ड काच फरशीवर उभी टेकवू नका, कड लागली तर चुरा होतो. गादीवर आडवी ठेवा.

सॉफ्टवेअर बोर्डाच्या कंपनीचंच वापरा: आसुसला ऑरा सिंक, एमएसआयला मिस्टिक लाइट, गिगाबाइटला आरजीबी फ्यूजन. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू ठेवली तर एकमेकांचे रंग पुसत बसतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक हेडरवर किती एलईडी आहेत तो आकडाही भरा. कमी भरला तर साखळीतले शेवटचे दिवे अंधारात राहतात. पंखे वाढवणार असाल तर हबला सॅटाची पॉवर असलेलीच बरी. ५ व्होल्टचा हेडर साधारण ३ अँपिअर देतो आणि पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत खाऊ शकतो, म्हणजे पन्नासेक एलईडींतच मर्यादा संपते.

मशीन बंद केल्यावरही मागचा पंखा रात्रभर उजळत असेल, तर बोर्डाची स्टँडबाय वीज त्याला मिळतेय. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ईआरपी नावाची सेटिंग चालू करा, माझा तेवढ्यानेच विझला.