जपानच्या मैत्रिणीशी नववर्षाच्या कार्डांची देवाणघेवाण

जपानमध्ये नववर्षाच्या कार्डाला ‘नेंगाजो’ म्हणतात. १८७३ पासून तिथलं नवं वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं आणि कार्डावर बारा वर्षांच्या राशिचक्रातला त्या वर्षाचा प्राणी काढतात. २०२६ घोड्याचं, २०२७ मेंढीचं. घोडा आपल्या वारली लग्नचौकातही असतो, म्हणून २०२६ साठी मी गेरूरंगावर पांढरा घोडा काढला. मेंढीच्या वर्षी धनगराचा कळप काढायचा आहे.

मी ए-फाइव्ह आकाराचा २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कागद मधोमध दुमडते. तो साधारण ८ ग्रॅम भरतो, लिफाफा ४, आतला मजकुराचा पातळ कागद अडीच. परदेशी पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे सजावटीला पाचेक ग्रॅम उरतात. तेवढे पुरतात, फक्त सजावट सपाट हवी. टिकल्या, आरसे, गोंडे लावले की लिफाफ्याला उंचवटा येतो, तो छाननी यंत्रात अडकतो आणि कोपरा फाटतो. कागदाचे थर एकावर एक चिकटवून उठाव आणलेला जास्त टिकतो.

घडी घालण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घाला. आडवी घातली तर तंतू तुटतात आणि गेरूवर पांढरी चीर उमटते. पट्टी धरून संपलेल्या रिफिलने आधी रेघ दाबून घ्यायची, मगच दुमडायचं. पोस्टर कलर घडीवर पोपडे धरतो, म्हणून मी अॅक्रिलिक वापरते. पण तो दाबाखाली समोरच्या पानाला चिकटतो. दिवसभर वाळू द्या आणि मध्ये बटर पेपर घाला.

अक्षता, बिया, आपट्याचं पान आत घालू नका. तांदूळ, बी आणि ताज्या पानांना जपानमध्ये वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हळदकुंकवाची पूडही नको. पान हवंच असेल तर कागदाचं कापा.

पत्ता जपानी लिपीत चालतो, मात्र देशाचं नाव शेवटच्या ओळीत ठळक इंग्रजीत हवं. सात आकडी पिनकोड तीन-चार असा तोडून लिहितात. खोलीचा क्रमांक गाळू नका, कारण तिथल्या इमारतींत पत्रपेटीवर बरेचदा नावच नसतं. पत्त्याला बॉलपेनच घ्या, जेलची शाई ओली झाली की पसरते. मी नोव्हेंबरअखेर टाकते आणि लिफाफ्यावर ‘१ जानेवारीला उघड’ असं लिहिते.

जपानच्या मैत्रिणीलाही एक सोय आहे. ८५ येनचं तिकीट आधीच छापलेल्या नेंगाजोवर १५ येनचं तिकीट जास्तीचं लावलं की १०० येनमध्ये ते हवाई टपालाने भारतात येतं.

पाठवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र जरूर विचारा. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर जपानी माणूस नववर्षाचं अभिनंदन देत-घेत नाही, तसं तो डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत कळवतो. अशा वेळी घोडा-मेंढी बाजूला ठेवून, ८ जानेवारीनंतर आणि ४ फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या ‘रिश्शुन’च्या (जपानी पंचांगातल्या वसंतारंभाच्या) आत, ‘कान्चू मिमाई’ म्हणजे थंडीत विचारपूस करणारं साधं पत्र पाठवावं.