केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घेऊ का?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन भरायचे दिवस आले की हा प्रश्न येतोच. "मुलीला केमिस्ट्रीत चांगले मार्क आहेत, केमिकलला घालू ना?" फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर देतो. त्यानं तुमचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत निव्वळ रसायनशास्त्राचे विषय मोजके असतात आणि बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच संपतात. उरतं ते हिशेबाचं काम: किती माल आत गेला, किती बाहेर आला, उष्णता कुठे गेली, पाइपात दाब किती पडला. इंग्लंडमधले केमिकल इंजिनिअर जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 साली मँचेस्टरमध्ये व्याख्यानं दिली तेव्हापासून हे असंच आहे. साबण असो की आम्ल, गाळणं, वाळवणं, उकळून वेगळं करणं या क्रिया त्याच, आणि शिकायच्या त्या क्रिया, ही त्यांची मांडणी होती. ज्यांना रंग, औषधं, तेलं किंवा पॉलिमर यांच्या रसायनातच शिरायचं आहे त्यांच्यासाठी मुंबईत माटुंग्याच्या आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, जुनी यूडीसीटी) आणि नागपूरच्या एलआयटी (लक्ष्मीनारायण) या संस्थांत केमिकल टेक्नॉलॉजीच्या शाखा वेगळ्या आहेत. फॉर्म भरताना पालक हा फरक बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फरक कळायला एकच उदाहरण घेतो, पण पूर्ण घेतो.

एक लिटरच्या चंबूत नायट्रेशन करायचं आहे, म्हणजे सेंद्रिय रेणूला नायट्रो गट जोडायचा आहे. सेंद्रिय द्रव आत, वरून मिक्स्ड ॲसिड (नायट्रिक आणि सल्फ्युरिक) थेंबथेंब. प्रत्येक मोलला साधारण 120 किलोज्यूल उष्णता सुटते असं धरा. चंबूत चार मोल आहेत, म्हणजे एकूण 480 किलोज्यूल. चंबूचा पृष्ठभाग 0.048 चौरस मीटर. काचेतून उष्णता जाण्याचा गुणांक चौरस मीटरला दर अंशामागे 300 वॉट धरला आणि आत-बाहेर 30 अंशांचा फरक ठेवला, तर सेकंदाला 430 ज्यूल बाहेर काढता येतात. साडेअठरा मिनिटांत ॲसिड घालून मोकळे. केमिस्ट वहीत लिहितो: अॅडिशन 20 मिनिटं, उतारा उत्तम.

तीच बॅच पाच हजार लिटरच्या ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेल्या) रिॲक्टरमध्ये न्या. महाड, लोटे, तारापूर या पट्ट्यात अशा रिॲक्टरवर रोज कामं चालतात. आकारमान 5000 पट झालं, उष्णताही 5000 पट झाली. पण जॅकेटचा, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या कवचाचा, पृष्ठभाग तेराएक चौरस मीटरच, म्हणजे जेमतेम 270 पट. गुणांक तोच आणि 30 अंशांचा फरकही तोच ठेवला तर जॅकेट सुमारे 117 किलोवॉट ओढू शकतं, आणि सुटणारी उष्णता आहे 24 लाख किलोज्यूल. भागाकार करा: पावणेसहा तास. रसायन अक्षरशः तेच, अणू तेच, पण 20 मिनिटांचं काम पावणेसहा तासांचं झालं. हे वहीतल्या समीकरणात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता बिघाड. अॅडिशन चालू असताना अॅजिटेटर, म्हणजे आतलं ढवळणारं पातं, थांबला. ॲसिड जड, ते तळाला जाऊन बसतं, सेंद्रिय थर वर राहतो. अभिक्रिया फक्त दोन थरांच्या सांध्यावर, म्हणजे नावापुरती. त्यामुळे तापमानाचा काटा चढत नाही, उलट दोन-चार अंश उतरतो. कंट्रोल बोर्डवरच्या माणसाला वाटतं, कूलिंग छान चाललंय. ॲसिड पडतच राहतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि तो घाईनं अॅजिटेटर सुरू करतो. तासाभरात साठलेलं सगळं त्या क्षणी मिसळतं. सगळा चार्ज न मिसळता साठला आणि एकदम लागला तर मिश्रण किती तापेल हेही कागदावर निघतं: लिटरला 480 किलोज्यूल, मिश्रणाची उष्णताधारकता लिटरला दर अंशामागे 2.8 किलोज्यूल धरली, तर साधारण 170 अंशांची उडी. 40 वर असलेलं मिश्रण 210 वर जातं. तिथवर जाताना बरीच नायट्रो संयुगं स्वतःच विघटित व्हायला लागतात आणि मग जॅकेटमध्ये काय सोडलंय याला अर्थ उरत नाही.

अॅजिटेटर चालू असतानाही हेच घडू शकतं. कुणी "थंड म्हणजे सुरक्षित" म्हणून 40 ऐवजी 15 अंशांवर ॲसिड घालतो. अभिक्रिया मंदावते, ॲसिड न वापरता साठत जातं, नंतर तापमान वाढलं की सगळं एकदम पेटतं. म्हणून जास्त तापमानासारखाच कमी तापमानाचाही अलार्म लागतो. अॅजिटेटर ट्रिप झाला की अॅडिशनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. मोटर फिरतेय एवढ्यावर भरवसा नको, मोटरचे ॲम्पियरही बघायचे, कारण कपलिंग सुटलं तर मोटर मोकळीच फिरते आणि आतलं पातं थांबलेलं असतं. अॅडिशनची लाइनच इतकी बारीक ठेवायची की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी ॲसिड पावणेसहा तासांच्या आत संपू नये.

हे शिकायला चार वर्षं लागतात. हीट ट्रान्सफर, रिॲक्शन इंजिनिअरिंग, प्रोसेस कंट्रोल हे सुटे विषय त्या एका रिॲक्टरपाशी येऊन भेटतात.

म्हणून आजवर मी ठासून सांगत आलो: हे फिजिक्स आणि गणित आहे, केमिस्ट्रीच्या प्रेमापोटी येऊ नका. वर लिहिलेलं पुन्हा वाचताना ते मला पटेनासं झालं. 210 अंशांवर ते संयुग सुटं होतं का, पाण्याचा अंश आला तर काय होतं, उपउत्पादन कोणतं, हे भागाकारातून निघत नाही. ते न कळणारा इंजिनिअर बिनचूक हिशेब करूनही धोक्यातच असतो. तेव्हा केमिस्ट्री आवडते हे कारण अपुरं आहे, चुकीचं नाही. मी ते चुकीचं म्हणत होतो.

नोकरीचं विचारता, तेही झाकत नाही. सुरुवातीची काही वर्षं बहुधा शिफ्ट ड्युटी, गाव एमआयडीसीचं, रात्रपाळीत हेल्मेट घालून लाइन तपासणं. बऱ्याच कॉलेजांत कॅम्पसला सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या जास्त येतात आणि मुलं तिकडे जातात. पण "केमिकलला स्कोप नाही" हे मला मान्य नाही. खत, औषध, रंग, रिफायनरी, साखर, सांडपाणी, कुठेही जा, हा हिशेब कुणाला तरी करावाच लागतो.

बारावीच्या मुलाला हे सगळं आधीच उमगावं ही अपेक्षा रास्त आहे का, माझं अजून ठरत नाही. मार्कांवरून तर कळतच नाही. त्यापेक्षा त्याला कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचं गणित घाला. काहिलीत 1000 किलो उसाचा रस, त्यात 18 टक्के घन. गुळात घन 95 टक्के. मळीतली घट सोडून द्या. गूळ किती, वाफ किती? गूळ 190 किलो येतो, वाफ 810. एवढं आठवीतलं पोरगंही काढेल. उत्तर आल्यावर तो वही मिटतो, की चुलवाणात चिपाडं किती लागतील, धुराड्यातून उष्णता किती वाया जाते, असं पुढे विचारतो, तेवढं बघा आणि मला कळवा.