तुम्ही विचारलंत म्हणून: फायनल टेबल गाठतो, पण पहिला नंबर का येत नाही?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये शेवटच्या नऊ जणांत पोहोचतो, कधी सहावा, कधी चौथा, एखाद्या वेळी दुसराही येतो. जिंकत मात्र नाही. नशीब खराब की खेळ? या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय उत्तर द्यायला मला आवडत नाही.

आधी कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर बंदी आली, आणि पोकर त्यात येतं. त्यामुळे विचारणारे आता मुख्यतः दोन प्रकारचे: इंग्लंड, न्यू जर्सी अशा ठिकाणी राहून तिथल्या परवानाधारक साइटवर खेळणारे, आणि गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंत प्रत्यक्ष टेबलावर बसणारे. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे. बंदी चुकवून खेळायचे मार्ग मात्र मला विचारू नका. तिथं पैसे अडकले तर दाद मागायला जागा नसते.

आता नशिबाचा भाग. फायनल टेबलवरचे नऊही जण सारख्या ताकदीचे आणि सारख्या चिप्सचे (डाव लावायच्या सोंगट्यांचे) धरले, तर प्रत्येकाला नऊत एक संधी. अशी नऊ फायनल टेबलं खेळूनही एकदाही न जिंकण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के निघते. म्हणजे काहीही न चुकता तिघांतल्या एकाच्या वाट्याला हे येणारच. पाचशे जणांच्या टूर्नामेंटमध्ये तुम्ही बाकीच्यांच्या दुप्पट चांगले असलात तरी जिंकायची संधी अडीचशेत एक. आणि अशा अडीचशे टूर्नामेंट खेळून हात रिकामा राहण्याची शक्यता ३७ टक्के. प्रत्येक वेळी ८० टक्के पुढे असताना ऑल-इन गेलात (म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावल्यात), तरी असे चार ऑल-इन ओळीनं जिंकणं ४१ टक्केच घडतं. तेव्हा एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढं हरून पाचवे आला असाल, तर त्या हातात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तो सोडून द्या.

दुरुस्त करण्यासारखं असतं ते त्याच्या आधी. शेवटच्या तीन टेबलांपासूनची हँड हिस्ट्री (खेळलेल्या प्रत्येक हाताची नोंद) उघडा आणि प्रत्येक हाताशी आपला स्टॅक, म्हणजे आपल्याजवळच्या चिप्स, किती बिग ब्लाइंडचा होता ते लिहा. (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच आळीपाळीनं भरावी लागणारी सक्तीची रक्कम; बिग मोठी, स्मॉल तिच्या निम्मी.) बाहेर पडलात तो हात सगळ्यांना आठवतो. स्टॅक २५ ब्लाइंडवरून ९ वर कसा आला, हे फार थोडे जण सांगू शकतात. आठ जणांच्या टेबलवर स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि अँटी (दर हातात भरायची आणखी थोडी सक्तीची रक्कम) मिळून एका फेरीत साधारण अडीच बिग ब्लाइंड जातात. चांगल्या पत्त्यांची वाट बघत सहा फेऱ्या काढल्या की पंधरा ब्लाइंड गेले, एकही चूक न दिसता.

दहा ब्लाइंडवर असताना बटणावरून (म्हणजे ज्याच्यामागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरतात त्या जागेवरून) ऑल-इन टाकलं आणि त्या दोघांनी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले, तर स्टॅक साडेबारा होतो, म्हणजे चौथाई वाढ. कॉल झाला, म्हणजे कोणी तेवढ्याच चिप्स भरून सामना स्वीकारला, आणि तुमचा हात जेमतेम ३५ टक्के जिंकणारा असला, तरी साधारण निम्म्या वेळा फोल्ड मिळालं तर चिप्सच्या हिशेबानं नुकसान नाही. कारण बिग ब्लाइंडवाल्याला आणखी नऊ ब्लाइंड घालायचे असतात आणि त्यासाठी त्याला ४२ टक्के हवेत. हेच तुम्ही चार ब्लाइंडवर केलंत, तर त्याला तीनच ब्लाइंड घालून कॉल करता येतो, ३२ टक्के पुरतात, आणि तेवढे जवळजवळ कुठल्याही दोन पत्त्यांत असतात. फोल्ड करवून घ्यायची ताकद संपलेली असते. दुसरा कोणी तुमच्याहून छोटा असेल आणि पुढची बक्षीस-पायरी मोठी असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. पण थांबायचं कुठवर ते आधी ठरवून ठेवावं. माझ्या मते सातच्या खाली जाऊ देऊ नये.

यापुढचा भाग मात्र सगळ्यात महत्त्वाचा, आणि फायनल टेबलवर सावकाश वाचायला वेळ नसतो म्हणून आत्ताच वाचा. टूर्नामेंटमध्ये चिप्सची किंमत सरळ नसते. समजा तिघं उरलेत. टेबलवर एकूण एक लाख चिप्स, आणि वाटायला एक लाख रुपये: पहिल्याला ५०,०००, दुसऱ्याला ३०,०००, तिसऱ्याला २०,०००. मोठ्याकडे ५०,००० चिप्स, मधल्याकडे ३०,०००, छोट्याकडे २०,०००. प्रत्येकानं कितव्या नंबरवर येण्याची किती शक्यता हे चिप्सच्या प्रमाणात काढलं (या पद्धतीला सगळे आयसीएम म्हणतात), तर मोठ्याच्या चिप्सचे ३८,३९३ रुपये होतात, मधल्याच्या ३२,७५० आणि छोट्याच्या २८,८५७. मोठ्याकडे निम्म्या चिप्स आहेत, पण निम्मे पैसे नाहीत.

आता मोठ्यानं ऑल-इन टाकलं आणि मधला विचार करतोय. ब्लाइंड बाजूला ठेवू. कॉल करून जिंकला तर त्याच्या ६०,००० चिप्स होतील, किंमत ४१,०००. म्हणजे फायदा ८,२५०. हरला तर २०,००० घेऊन घरी. म्हणजे तोटा १२,७५०. कॉल बरोबर ठरायला त्याला ६१ टक्के जिंकायला हवं. हातात अठ्ठ्यांची जोडी आहे आणि समोरच्याकडे एक्का-राजा आहे हे काचेतून दिसावं इतकं पक्कं माहीत आहे, असं धरा. अठ्ठे ५५ टक्के जिंकतात. म्हणजे पुढे असूनही फोल्ड. याच हातात मोठ्याला मात्र ५४ टक्के पुरतात, शिवाय हरला तरी तो खेळात राहतो. म्हणूनच तो सारखा दाबत राहतो आणि मधल्याला दबून राहावं लागतं. आणि छोटा? मोठा जिंकला तर त्याचे २८,८५७ चे ३४,००० होतात, मधला जिंकला तर २९,५००. पत्ते न बघता त्याची किंमत वाढते. दोन मोठे स्टॅक एकमेकांवर आपटले की खरा फायदा बाजूला बसलेल्याचा होतो, हे एकदा आकड्यांत पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या नंबरवर संपणाऱ्या निम्म्या फायनल टेबलांचं कारण समजतं: मधला स्टॅक घेऊन चिप लीडरशी, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्टॅकशी, भांडण.

इथपर्यंत बरेच चांगले खेळाडू शिकतात. घोटाळा पुढे होतो. तिसरा बाहेर पडला, दोघं उरले, दोघांचे ३०,००० पक्के झाले. आता उरलेल्या २०,००० साठीच खेळ आहे, आणि एक लाख चिप्समधल्या प्रत्येक हजाराची किंमत दोघांनाही बरोबर २०० रुपये. वाकडा हिशेब संपला. मघाशी ६१ टक्के लागत होते, आता ब्लाइंड सोडले तर ५० पुरतात. दोन मिनिटांपूर्वी जे अठ्ठे टाकून देणं बरोबर होतं, तेच आता हसत कॉल करायचे. पण इतका वेळ जपून खेळायची सवय हाताला लागलेली असते आणि ती एका क्षणात सुटत नाही. सारखे दुसरे येणाऱ्यांचे हात तपासले तर हेच दिसतं: तिघांत योग्य असलेला खेळ ते दोघांत चालू ठेवतात, दर हाताला ब्लाइंड जात राहतात आणि पंधरा मिनिटांत चिप्स निम्म्या होतात.

दोघांच्या खेळात बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या (टेबलवर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी पहिला बोलतो आणि नंतर प्रत्येक वेळी शेवटी. शेवटी बोलण्याचा फायदा इतका मोठा आहे की बटणावरून पाचातले चार हात खेळायला हरकत नाही. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश; म्हणजे तीनदा खेळलात तर दोनदा समोरच्यालाही काही लागलेलं नसतं. पॉटच्या (मध्ये जमलेल्या चिप्सच्या) तिसऱ्या हिश्श्याएवढी बेट चारातून एकदा फोल्ड करवून गेली तरी खर्च निघतो. एक्का नुसता एकटा असला तरी चांगला हात, आणि फ्लॉपवरची मधली जोडी ही फोल्ड करायची वस्तूच नाही.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतला शेवटचा टप्पा मी सगळ्यांना बघायला सांगतो. टेनेसीतला हिशेबनीस क्रिस मनीमेकर शंभर डॉलरच्या आतल्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेतली सीट बक्षीस देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) तिथं पोहोचला होता. ८३९ खेळाडू, पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर. समोर सॅम फारहा, मुरलेला व्यावसायिक. टेबलवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी आणि बदामची तिर्री. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती: फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) लागला नाही, सीक्वेन्स लागला नाही, हातात काही नाही. त्यानं ऑल-इन टाकलं. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, टेबलवरची सगळ्यात वरची. त्यानं फोल्ड केलं. ब्लफच्या धाडसाबद्दल लोक बोलतात. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं: सॅटेलाइटमध्ये पहिला नंबर नसतोच, सीट मिळालेले सगळे सारखे, म्हणून तिथं टिकून राहणं हाच खेळ. तिथून आलेला माणूस दोघांच्या खेळात टिकून राहायला बसला नव्हता. सॅटेलाइट फार खेळणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं; त्यांची सवय सगळ्यात घट्ट असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फायनल टेबल लागलं की बाकीची टेबलं बंद. टाइम बँक (विचार करायला मिळणारा राखीव वेळ) सुरुवातीला सोप्या फोल्डवर उधळू नका, तिघांत लागते. वायफाय गेलं तर फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला असावा, कारण लाइन तुटली की तुमचे हात फोल्ड होत राहतात आणि ब्लाइंड कापले जातात. एका टूर्नामेंटची फी तुमच्या खेळाच्या शिल्लकीच्या शंभराव्या हिश्श्याहून जास्त नको. नाहीतर बक्षिसाची प्रत्येक पायरी डोळ्यांत भरते आणि आकड्यांनी सांगितलेला कॉल हात करत नाही. घरखर्चाचा पैसा त्या शिल्लकीत कधीच नसावा.

आणि डील. तिघं उरल्यावर कोणीतरी विचारतंच, वाटून घ्यायचं का. चिप्सच्या प्रमाणात वाटणी केली, म्हणजे प्रत्येकाला आधी २०,००० देऊन उरलेले ४०,००० चिप्सप्रमाणे वाटले, तर वरच्या उदाहरणात मोठ्याला ४०,०००, मधल्याला ३२,००० आणि छोट्याला २८,००० मिळतात. आयसीएमपेक्षा मोठ्याला १,६०७ रुपये जास्त, आणि ते बाकी दोघांच्या खिशातून. तुम्ही मधले किंवा छोटे असाल तर आयसीएमचाच आकडा मागा. दोघांच्या खेळात तुम्ही त्यांच्याहून तयार असाल तर डील करूच नका, किंवा पहिल्या नंबरसाठी काही रक्कम बाजूला ठेवायला लावा, म्हणजे शेवटचे हात कोणी घाईनं उरकणार नाही.