शिक्षण खातं बंद झालं तर तुमच्या शाळा कोण चालवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. २०२५ च्या मार्चपासून हा प्रश्न मला घरच्यांनी, मैत्रिणींनी, मंडळात भेटणाऱ्या लोकांनी इतक्यांदा विचारलाय की एकदा नीट उत्तर द्यावं असं वाटलं. नाशिकचे मामा तर दर फोनला विचारतात, "अगं, ट्रम्पनी शिक्षण खातंच बंद करायला काढलंय म्हणे. मग तुमच्या शाळा कोण चालवणार?" मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे त्यांची काळजी वरवरची नसते. मी न्यू जर्सीत एका सरकारी शाळेत पॅराप्रोफेशनल आहे. शाळेत सगळे नुसतं 'पॅरा' म्हणतात. स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे अपंग मुलांच्या, वर्गात शिक्षिकेबरोबर असायचं आणि ज्या मुलाला एकट्याला जमत नाही त्याच्या शेजारी बसायचं, हे माझं काम.

थोडक्यात उत्तर असं, की शाळा बंद पडणार नाहीत. पिवळी बस येईल, घंटा होईल, गणिताचा तास होईल. झळ बसेल ती शाळेतल्या काही ठरावीक मुलांना, आणि माझा सगळा दिवस त्याच मुलांबरोबर जातो. म्हणून हे उत्तर मला तेवढ्यावर सोडवत नाही.

मामांच्या डोळ्यांसमोर आपलं चित्र असतं. मंत्रालयातून जीआर निघतो, बालभारतीची पुस्तकं येतात, आणि राज्यभरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चौथीची मुलं तेच धडे वाचतात. इथे तसं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, आणि जे अधिकार घटनेनं केंद्राला दिलेले नाहीत ते दहाव्या दुरुस्तीनं राज्यांकडे आणि लोकांकडे राहतात. राज्यांनी शाळा गावांच्या हाती दिल्या. गावातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेला इथे डिस्ट्रिक्ट म्हणतात. देशभरात अशी साधारण १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचं बोर्ड (म्हणजे कारभारी मंडळ) वेगळं, सुपरिंटेंडंट (म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी) वेगळा, बजेट वेगळं. आमच्या बोर्डाचे सदस्य गावातलेच लोक. निवडून येतात, पगार घेत नाहीत, आणि संध्याकाळी जेवणं उरकून मीटिंगला येतात.

पैसाही बराचसा गावातूनच उभा राहतो. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातला साधारण निम्मा शाळांकडे जातो. ज्या गावात घरं महाग तिथे शाळेकडे पैसा जास्त. या विषमतेविरुद्ध टेक्सासात सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. १९७३ साली कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा केंद्रीय घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. मामांना हे खरंच वाटेना. भारतात ८६व्या घटनादुरुस्तीनं २००२ मध्ये तो हक्क घटनेत आणला, आणि इतक्या श्रीमंत देशात तो नसावा?

तर मग वॉशिंग्टनचा संबंध येतो कुठे? शाळांवर होणाऱ्या शंभर डॉलर खर्चात केंद्राचे असतात साधारण आठ ते दहा. आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात, त्या हिशेबानं हे काहीच नाही. पण या आठ-दहा डॉलरना अटी आहेत, आणि गेल्या साठ वर्षांत इथल्या शाळा ज्या बदलल्या त्या मुख्यतः या अटींमुळे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात १९६५ ची. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, टेक्सासात कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत होते. मुलं सकाळी उपाशीपोटी वर्गात यायची, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. ११ एप्रिल १९६५ ला ते आपल्या गावातल्या जुन्या एकखोली शाळेत गेले, लहानपणी त्यांना शिकवणाऱ्या केट लोनी या बाईंना शेजारी बसवलं, आणि तिथे शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना जादा पैसा देणारं 'टायटल वन' हे कलम त्यातलंच. आज त्यातून वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास वाटले जातात. त्याला एक अट आहे, की हा पैसा गावाच्या पैशावर वरून घालायचा. केंद्राकडून आले म्हणून गावानं आपले कमी करायचे नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, नागरी हक्क कायदा आला होता. वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही, असं त्यात होतं. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा. तरी दहा वर्षांनंतरही दक्षिणेत शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम दोन गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. निकालाला गावं जुमानत नव्हती. पण १९६५ नंतर केंद्राचा पैसा येऊ लागला, म्हणून प्रश्न बजेटचा झाला आणि शाळांची दारं उघडायला लागली. इथे "आमच्या शाळा, आमचा कारभार" असं कुणी म्हणालं की मला हा इतिहास आठवतो. गावाचा कारभार चांगला असतो हे मी रोज बघते. पण ज्यांची संख्या कमी, ज्यांचा आवाज कमी, त्यांच्यासाठी गाव आपणहून पैसा काढेल याची खात्री नसते.

माझ्या वर्गातली मुलं त्यातलीच. १९७५ पूर्वी या देशात अपंग मुलाला "आमच्याकडे सोय नाही" असं सांगून शाळा परत पाठवू शकत होती. त्या वर्षी संसदेनंच नोंदवून ठेवलंय, की ८० लाख अपंग मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हतं आणि १० लाख मुलं तर सरकारी शाळेच्या पूर्ण बाहेर होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यानं हे बंद झालं. प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण, तेही फुकट. त्यासाठी दर मुलामागे एक लेखी आराखडा होतो, त्याला आयईपी म्हणतात.

आयईपीची मीटिंग कशी असते ते सांगते. कॉन्फरन्स रूममध्ये एक लांब टेबल. एका बाजूला आई, कधी आई-बाबा दोघं. समोर वर्गशिक्षिका, स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट आणि चाइल्ड स्टडी टीममधली, म्हणजे मुलाच्या गरजा तपासणाऱ्या गटातली, केस मॅनेजर. हातात पंधरा-वीस पानांचा मसुदा. त्यात अगदी बारीक लिहिलेलं असतं: स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीस मिनिटं, परीक्षेला दीडपट वेळ, बसमध्ये सोबत माणूस. आईला इंग्रजी जमत नसेल तर शाळेनं दुभाषी द्यायचा. आमच्या वर्गात एक मुलगा टॅबलेटवरची चित्रं दाबून बोलतो. 'पाणी', 'नको', 'बाहेर'. तो टॅबलेट त्याच्या आयईपीत आहे, म्हणून शाळेनं दिला. यंदा बजेट नाही म्हणून आराखड्यातलं काही गाळता येत नाही, आणि गाळलंच तर आई दाद मागू शकते. आठवीपर्यंत शिकलेली एखादी आई त्या टेबलाशी बसून "हे लिहिलंय ना, मग का होत नाही?" असं विचारते, तेव्हा कायद्याचं बळ काय असतं ते मला दिसतं.

आता दुसरी बाजू. याच कायद्यात केंद्रानं वचन दिलं होतं, की अपंग मुलांच्या शिक्षणाचा जादा खर्च म्हणून देशात एका विद्यार्थ्यामागे होणाऱ्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आम्ही उचलू. पन्नास वर्षांत ते कधी पाळलं गेलं नाही. अलीकडे तर हा वाटा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही आत असतो. बाकीचा भार राज्यावर आणि गावावर. मग बजेटच्या मीटिंगमध्ये कुणीतरी उठून म्हणतं, की या मुलांपायी आमच्या मुलांचा शाळेतला वाद्यांचा बँड बंद झाला. दोष वॉशिंग्टनच्या थकबाकीचा आणि बोट दाखवलं जातं चाकाच्या खुर्चीतल्या मुलाकडे. याचा मला अतिशय राग येतो.

केंद्राचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. जानेवारी २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण व्हावीत असं ठरवलं. शंभर टक्के! शाळांवर नापासाचे शिक्के बसले. चित्रकला, इतिहास, विज्ञान यांचे तास वाचन-गणितानं खाल्ले. जुन्या शिक्षिका त्या वर्षांबद्दल अजून कळवळून बोलतात. २०१५ च्या डिसेंबरात नवा कायदा आला आणि कमकुवत शाळांचं काय करायचं हे पुन्हा बरंचसं राज्यांवर सोपवलं गेलं. परीक्षा मात्र राहिल्या. पण त्या जाचक कायद्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. गरीब, काळी, अपंग, इंग्रजी शिकणारी अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा जाहीर करणं त्यानं सक्तीचं केलं. त्याआधी चांगल्या गावाच्या चांगल्या सरासरीत ही मुलं दिसतच नव्हती. आणि टायटल वनचा पैसा घेणाऱ्या शाळेत पॅरा व्हायचं तर दोन वर्षांचं कॉलेज हवं किंवा परीक्षा पास हवी, ही अटही त्याच कायद्यानं आणली.

मराठी घरांशी थेट संबंध येतो तो शाळेत नाव घालताना. एक फॉर्म असतो, त्यात विचारतात: घरी कोणती भाषा बोलता? १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की भाषा न कळणाऱ्या मुलाला वर्गात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नव्हे. हा प्रश्न त्या निकालाचा वारसा. आपले बरेच पालक तिथे 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. पोराची वेगळी परीक्षा घेतील, मागे टाकतील, अशी भीती. मी भेटेल त्याला सांगते, खरं लिहा, मराठी लिहा. मूल चाचणीत पास झालं तर विषय संपला. नाही झालं तर त्याला मदत मिळायला हवी, आणि ती नको असेल तर नाकारायचा हक्क पालकांना आहे.

आता मामांचा मूळ प्रश्न. २० मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी शिक्षण खातं गुंडाळण्याच्या आदेशावर सही केली. हे खातं जिमी कार्टर यांच्या काळात, १९७९ मध्ये, संसदेच्या कायद्यानं झालं, त्यामुळे ते कायमचं बंद करायलाही संसदच लागते. पण माणसं कमी करता येतात. चार हजारांवर कर्मचारी होते, ते जवळपास निम्म्यावर आणले, आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं ही कपात तूर्त चालू ठेवू दिली. भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या नागरी हक्क विभागाची देशात बारा विभागीय कार्यालयं होती, त्यातली सात बंद केली. त्यात न्यूयॉर्कचंही होतं.

"शिक्षण राज्यांना परत देतोय" असं सांगितलं जातं. पण अभ्यासक्रम आणि पुस्तकं राज्यांकडे आणि गावांकडेच होती. त्यात लुडबुड करायला केंद्राला कायद्यानंच मनाई आहे. केंद्राकडे होतं ते पैशाचं वाटप आणि तक्रार ऐकणं. अपंग मुलांचा कायदा आजही जसाच्या तसा आहे. पण तक्रारीचा कागद ज्या टेबलावर जायचा तिथला माणूस गेला, तर त्या आईनं कायद्याचं करायचं काय?

आणि पैशाचं म्हणाल, तर त्या जुलैत ते पाहिलंच. १ जुलैला राज्यांना मिळायचे सहा अब्ज डॉलरहून जास्त ऐन वेळी अडवून ठेवले: इंग्रजी शिकणारी मुलं, शिक्षकांचं प्रशिक्षण, शाळा सुटल्यावरचे वर्ग यांचे. ट्रम्प यांच्याच पक्षाचे सिनेटर ओरडले तेव्हा महिनाअखेरीपर्यंत ते सुटले. पण डिस्ट्रिक्टची बजेटं तोवर मंजूर झालेली असतात. न्यू जर्सीत शाळांसाठीचा टॅक्स, काही अपवाद सोडले तर, मतदारांना विचारल्याशिवाय वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणजे खड्डा पडला तर भरायला गावाकडे फारसा मार्ग नसतो. मामा म्हणाले, तमिळनाडूचे समग्र शिक्षेचे पैसे केंद्रानं अडवले तेव्हा हेच झालं. थोडं तसंच.

माझी नोकरी राहील का, हेही बऱ्याच जणांनी काळजीनं विचारलंय. आयईपीत 'सोबत पॅरा हवा' असं लिहिलेलं असेल तोवर शाळेला पॅरा द्यावाच लागेल. म्हणून इथल्या मराठी आईबापांना माझी एक विनंती आहे. आयईपीचा मसुदा घरी आणा, सावकाश वाचा, दर आठवड्याला किती मिनिटं कोण देणार हे आकड्यात लिहून घ्या, आणि पटलं नाही तर तसं लेखी कळवा. वसंतात डिस्ट्रिक्टच्या बजेटची जाहीर सुनावणी होते, तिलाही या. बोलायला दोन-तीनच मिनिटं मिळतात. बँडची बाजू मांडायला लोक येतात आणि त्यांनी यावंच. पण आमच्या वर्गातल्या मुलांसाठी बोलणारं तिथे बहुतेक वेळा कुणीच नसतं.