मॅडमच्या पिवळ्या चिठ्ठ्या

सोमवारी सव्वानऊला आयटीत, माझ्याकडे, अकाउंट्समधून फोन. "अरे, माझ्या चिठ्ठ्या गेल्या."

"फाइली का मॅडम? एच ड्राइव्हला बघा ना."

"फाइली आहेत रे. चिठ्ठ्या गेल्या. त्या पिवळ्या."

स्टिकी नोट्स! शुक्रवारी अर्धा दिवस बसून त्यांनी त्या जुन्या पीसीवरून नव्या, सर्व्हरवर चालणाऱ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर टाइप करून घेतल्या होत्या. जीएसटीच्या तारखा, बँकेत कुणाला कधी फोन करायचा, एका सप्लायरच्या नावापुढे 'आधी क्रेडिट नोट माग'. जुना पीसी शनिवारीच फॉरमॅट होऊन दुसऱ्या शाखेत गेला होता. पाठवला कोणी? मीच.

आमच्याकडे रात्री मशीन रीबूट झालं की पाटी कोरी. खाली विंडोजचा लेयर, वर टॅली, ऑफिस, क्रोम यांचे लेयर. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत तसे. लोकांचं सामान वेगळं ठेवायचं म्हणून डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप मी फाइल सर्व्हरवर वळवले होते, बाकीचं रोमिंग प्रोफाइलवर, म्हणजे लॉगिनला सर्व्हरवरून येणाऱ्या आणि लॉगऑफला परत जाणाऱ्या सेटिंग्जवर, सोडलं होतं. पण रोमिंग प्रोफाइल 'ॲपडेटा'मधलं 'लोकल' फोल्डर सोबत नेतच नाही, आणि स्टिकी नोट्सची 'प्लम' नावाची डेटाबेस फाइल नेमकी तिथेच असते. त्यांनी स्वतः टाकलेला मराठी फॉन्टही तिथेच होता, तोही गेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण 'यूजर डेटा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक्सेलच यायचं.

मग यूजर लेयर चालू केला, म्हणजे ज्याचे त्याचे बदल साठवणारा वेगळा लेयर. प्रत्येकाची सर्व्हरच्या शेअरवर एक व्हीएचडी, म्हणजे अख्खी डिस्क असलेली एक फाइल; आमचे लेयर ज्यावर चालतात त्या सिट्रिक्समध्ये डीफॉल्ट 10 जीबी. हा सगळ्यात वरचा ट्रेसिंग पेपर, त्यामुळे खाली काहीही बदला, दिसणार वरचंच. मॅडम खूश. मीही खूश, तीन महिने.

क्रोमचा ऑटो-अपडेट बंद करायला मी विसरलो होतो. तो दिवसा आपला आपण अपडेट व्हायचा आणि त्या फाइली यूजर लेयरमध्ये जाऊन बसायच्या. मी खालच्या लेयरमध्ये नवं व्हर्जन दिलं, तेव्हा अर्ध्या फाइली वरून, अर्ध्या खालून. क्रोम उघडेना. माझ्याकडे तक्रारींच्या टिकिटांचा ढीग.

अपडेटर बंद केला, पण मॅडमची व्हीएचडी बिघडलेलीच. नवी देण्याआधी चिठ्ठ्या वाचवायच्या होत्या. त्यांना लॉगऑफ करायला लावलं, कारण लॉगिन असेपर्यंत ती डिस्क लॉक असते. मग माझ्या मशीनवर माउंट करून 'प्लम' उचलली, आणि शेजारची 'वॉल' शेपटीची फाइलही. ती राहिली तर ताज्या चिठ्ठ्या येत नाहीत; आधी माझ्या स्वतःच्या चिठ्ठ्यांवर करून बघितलं होतं, तेव्हा कळलं.

पुढे विंडोज 11. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे खालचा विंडोजचा लेयर, ओएस लेयर, नवा. आणि यूजर लेयर ओएस लेयरशी बांधलेला असतो, नव्यावर जात नाही. पुन्हा सगळ्यांची पाटी कोरी! या वेळी मी मायक्रोसॉफ्टच्या एफएसलॉजिक्सच्या प्रोफाइल कंटेनरवर आलो. फक्त प्रोफाइल, पण 'लोकल'सकट सगळं एका व्हीएचडीएक्समध्ये, म्हणजे व्हीएचडीच्याच नव्या प्रकारात. लोकांनी स्वतः प्रोफाइलबाहेर टाकलेली सॉफ्टवेअर त्यात टिकत नाहीत. त्यावर दोघेजण चिडले आहेत. मला ते चालतं.

मॅडमना नव्या डेस्कटॉपवर बसवलं. आधी फॉन्ट बघितला, मग एक पिवळी चिठ्ठी काढून लिहिलं, 'टेस्ट'. लॉगऑफ, लॉगिन. होती. पुन्हा लॉगऑफ, लॉगिन. होती. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "थांब." तिसऱ्यांदाही होती.

"आता जा," म्हणाल्या, आणि 'टेस्ट' खोडून त्यावर सप्लायरचं नाव लिहायला लागल्या.